वीस मिनिटं बर्फ

मेश्रामभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गुडघ्यांकडे बघतात.

आमची पहिली भेट इथे बहरीनमध्ये, सनाबिसच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टमध्ये झाली. मी नुकतीच तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. आत एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ उभे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, केसांचा नीट भांग, आणि नजर थेट माझ्या गुडघ्यांवर. मी पिशव्या पुढे घेतल्या. अशा नजरेचं काय करायचं हे चिंचवडच्या मुलीला शिकवावं लागत नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात ते फार गंभीरपणे म्हणाले, "डावा दुखून राहिला न?"

दुखत होता. लिफ्ट बंद असताना आम्ही सामान जिन्यानं चढवलं होतं. तरी मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"वीस मिनिटं बर्फ," ते म्हणाले. "मग आराम. आराम नाही केला तर बर्फाचा काही उपयोग नाही, ताई."

आणि त्यांच्या मजल्यावर उतरून गेले. दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात हेच. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची पिशवी. ती माझ्या हातात दिली, घड्याळात वेळ बघून मला सांगितली आणि निघून गेले. नवऱ्यानं विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, माहीत नाही, बर्फवाला असावा.

दुसऱ्या दिवशी हिद्दला नव्या नोकरीवर रुजू झाले तर तिथेही हेच गृहस्थ. आमची कंपनी मॉलचे, ऑफिसांचे, बिल्डिंगांचे एसी सांभाळते. कुठला टेक्निशियन कुठल्या दिवशी कुठल्या साइटवर जाणार, हे ठरवणारा माणूस म्हणजे सुधाकर मेश्राम, मूळ गाव नागपूर. भिंतीवर मोठा पांढरा बोर्ड, त्यावर प्रत्येक टेक्निशियनच्या नावाचा एकेक मॅग्नेट, आणि समोर कमरेवर हात ठेवून उभे मेश्रामभाऊ. माझं काम सगळ्यांच्या रजेच्या आणि व्हिसाच्या फायली सांभाळायचं. माझं टेबल त्या बोर्डाच्या बरोबर समोर लागलं, आणि एकाच बिल्डिंगमध्ये राहत असल्यामुळे जाणंयेणंही त्यांच्याच गाडीतून सुरू झालं. थोडक्यात, गेली पाच वर्षं मी या माणसाच्या तावडीत आहे.

गाडीच्या मागच्या सीटवर निळा आइसबॉक्स. माणसं मागे बसू शकत नाहीत, आइसबॉक्स बसतो, तोही सीटबेल्ट लावून. त्यात बर्फाच्या पिशव्या. दर गुरुवारी संध्याकाळी भाऊ जिदहफ्सच्या बाजारात एका मासळीवाल्याकडून बर्फ आणतात. भाऊ मासे खात नाहीत. मासळीवाल्यानं आता विचारणं सोडून दिलंय.

गाडीत बोलणं एकाच विषयावर. "ताई, खांबेट्यांची बदली झाली न." "लचक्यांना पुन्हा बसवलं." "डावखुऱ्यांना घ्यायला दोन टीम मागे लागून राहिल्या." मी नवीन, मला वाटलं आपल्याच कंपनीतली माणसं असतील. पहिल्याच आठवड्यात मी लचक्यांची फाइल शोधायला घेतली. सापडेना. शेवटी भाऊंना विचारलं, हे लचके कुठल्या डिपार्टमेंटला आहेत, त्यांच्या व्हिसाचे कागद माझ्याकडे नाहीत.

भाऊंनी गाडीचा वेग कमी केला. "ताई, ते अमेरिकेत बास्केटबॉल खेळतात."

मी कपाळाला हात लावला. झालं असं होतं की भाऊंना त्या खेळाडूंची नावं उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणे बारसं करून टाकलं होतं. सात फुटी तो खांबेटे. सारखा पाय मुरगळणारा तो लचके. स्वतः भाऊ पाच फूट चार इंच.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण पाच वर्षं रोज जाताना अर्धा तास आणि येताना पाऊण तास ऐकल्यावर दगडालाही काहीतरी समजेल. सीझन चालू असतो तेव्हा भाऊ तसे शांत असतात. खरा कहर जूनअखेरीला. तिकडे खेळ थांबतो आणि इकडे भाऊ सुरू होतात. कारण खेळ बंद असताना तिकडचे संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. तुमचा एक उंच द्या, आमचे दोन बुटके घ्या, वर पुढच्या वर्षी जी नवी पोरं येतील त्यांतली पहिली निवड आमची. याला ट्रेड म्हणतात. खेळाडूला बहुधा कुणी विचारतही नाही. सकाळी उठून फोन बघावा तर आपण दुसऱ्या गावचे झालेलो. "सरकारी बदलीसारखंच आहे," भाऊ सांगतात, "फक्त आमदाराकडं जाता येत नाही."

दुसरं त्यांचं लाडकं प्रकरण म्हणजे लोड मॅनेजमेंट. म्हणजे ठणठणीत खेळाडूला मुद्दाम बाकावर बसवून ठेवायचं, पुढे दुखू नये म्हणून. तिकीट काढून आलेले लोक यावर बोंबलतात. भाऊ नेहमी बसवणाऱ्याच्या बाजूचे. मी एकदा म्हटलं, अहो, लांबून त्याला बघायला आलेल्या माणसानं काय करायचं? तर भाऊ म्हणाले, "तिकीट काढलं म्हणून त्याचे गुडघे विकत घेतले का, ताई? गुडघे त्याचेच न?" हे बोलताना त्यांचा आवाज जरा चढला होता. भाऊंचा आवाज चढत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

हे सगळं गाडीपुरतं असतं तर चाललं असतं. पण भाऊंनी ते बोर्डावर आणलं. आमच्या धंद्यात उन्हाळा म्हणजे जीव घेणारे महिने. भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे त्या दिवसांत बंदी असते, तरी सकाळी दहाला गच्चीवरच्या युनिटजवळ उभं राहिलं की चपलेतून पाय भाजतात. बाकीच्या टोळ्यांचे फोरमन माणसं रेटून कामाला लावतात. भाऊंनी बोर्डाच्या उजव्या बाजूला एक रकाना आखला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, रेस्ट. रोज कुणा ना कुणाचा मॅग्नेट त्या रकान्यात.

एकदा एका मोठ्या मॉलच्या चिलरची, म्हणजे गच्चीवरच्या एसीच्या मुख्य मशीनची, तपासणी होती आणि त्या चिलरची नस ओळखणारा एकच माणूस, रत्नागिरीचा सलीम. भाऊंनी नेमकं त्याच दिवशी सलीमला रेस्टमध्ये टाकलेलं. आमचे मॅनेजर बू यूसुफ, बहरिनी गृहस्थ, तावातावानं बोर्डासमोर आले.

"मेश्राम, सलीम कुठाय?"

"ऑन रेस्ट, सर."

"आजारी आहे?"

"नो सर. आजारी पडू नये म्हणून."

बू यूसुफनी माझ्याकडे बघितलं. मी फायलीत डोकं घातलं. शेवटी भाऊ स्वतः हेल्मेट घालून मॉलच्या गच्चीवर गेले आणि सलीमला फोनवर विचारून विचारून तपासणी उरकून आले. सलीमला मात्र येऊ दिलं नाही. पण ऑगस्टमध्ये दुसऱ्या टोळ्यांची निम्मी माणसं सिक लीव्हवर गेली तेव्हा भाऊंचे पोट्टे, म्हणजे त्यांचे सगळे टेक्निशियन, दोन पायांवर उभे होते. तेव्हापासून बू यूसुफ बोर्डाकडे बघतात, काहीतरी पुटपुटतात आणि निघून जातात.

ट्रेडचंही तेच. जिदहफ्सच्या टोळीला ड्रायव्हर कमी होता. भाऊंनी आपला एक ड्रायव्हर दिला, बदल्यात त्यांचा वेल्डर घेतला, आणि वर पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जो नवा फिटर येईल त्याच्यावर पहिला हक्क आपला, असं लिहून घेतलं. फोरमननं सहीसुद्धा केली. तो फिटर तेव्हा भारतात कुठेतरी सुखानं झोपलेला असेल. त्याचा व्हिसा आला नव्हता, माझ्याकडे त्याची फाइल नव्हती, त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याची ट्रेड होऊन गेली होती. मी भाऊंना म्हटलं, तुम्ही एक दिवस मलाही विकाल. ते म्हणाले, "नाही जी. तुम्ही अनट्रेडेबल." माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर एवढं चांगलं कधी म्हटलेलं नाही.

आता रजेचं. जुलैत आमच्या डिपार्टमेंटमधून फक्त दोघांनाच रजा मिळते, कारण काम डोक्यावरून वाहत असतं. जुलैची रजा म्हणजे आमच्याकडे सोनं. त्या दोन जागांपैकी एक सीनियॉरिटीनं मेश्रामभाऊंची. आणि हे महाशय दर वर्षी ती ट्रेड करायचे. कुणाच्या भावाचं लग्न, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाची म्हातारी आई. त्याला जुलै द्यायचा आणि त्याचा फेब्रुवारी घ्यायचा. मी जुनी फाइल चाळली तर माझ्या आधीपासून हेच. मी विचारलं तर म्हणाले, "जुलैत ट्रेडिंग असते न, ताई. नागपूरले जाऊन बसलो तर कोण पाहील?" मला ते पटलं. या माणसाच्या बाबतीत मला काहीही पटत असे.

नागपूरला त्यांची बायको आणि मुलगी. मुलगी प्रज्ञा, इथेच बहरीनला बारावीपर्यंत शिकली, मग आईबरोबर नागपूरला गेली आणि आता फिजिओथेरपिस्ट आहे. शुक्रवारी दुपारी मी भाऊंना कधीकधी जेवायला बोलावते. ते येतात, दोन पोळ्या खातात, भाजीला नावं ठेवत नाहीत, पण अडीचच्या ठोक्याला उठतात. प्रज्ञाचा फोन असतो. आठवड्यातून एकच. जाताना खिशातली छोटी वही काढून चाळतात. त्यात आठवडाभरातल्या ट्रेड लिहिलेल्या असतात. तोंडी परीक्षेला बसलेली मुलं अशी चाळतात.

एका शुक्रवारी त्यांनी जेवता जेवता घास खाली ठेवला. "ताई, या आठवड्यात एकही ट्रेड झाली नाही. आता मी काय करू?"

त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो, मुलीशी बोलायला ट्रेड कशाला लागते? जेवलीस का विचारा, तब्येत विचारा, लग्नाचं काय म्हणतेस विचारा."

"ते विचारलं की ती म्हणते, आय ॲम फाइन बाबा. मग बोलणं संपून जाते." आणि हात धुवायला गेले. मी भांडी उचलली. तेव्हा मला काही सुचलं नाही, हे आता आठवलं की माझाच मला राग येतो.

या जूनमध्ये एका सोमवारी मला ऑफिसात फोन आला. नागपूरचा नंबर. "आंटी, मी प्रज्ञा. मेश्रामांची." भाऊंनी अडीअडचणीला म्हणून माझा नंबर घरी देऊन ठेवला होता. मी घाबरून विचारलं, सगळं ठीक ना.

"येस येस. जस्ट विचारायचं होतं, बाबांना खरंच लीव्ह नाहीये का जुलैमध्ये?"

मग तिनं सांगितलं. तिच्या डाव्या गुडघ्याचं आठ वर्षांपूर्वी एक ऑपरेशन झालं होतं, ते आता टिकत नाहीये, दुसरं करायचंय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तिनं शुक्रवारी बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले कंपनी सोडत नाही, दोन्ही जागा गेल्या. "इट्स ओके आंटी, आई आहे. मी फक्त... जस्ट चेक करत होते."

गुडघा. डावा.  मी वेळ काढायला काहीतरी बोलले, की तुम्ही दोघं एवढं बोलता दर शुक्रवारी, ते येतीलच.

"आम्ही कुठे बोलतो, आंटी. वी टॉक ट्रेड्स." मग ती हसली. "तुम्हाला सांगू? लास्ट ऑगस्टमध्ये काहीच न्यूज नव्हती. बाबांनी मला एक ट्रेड सांगितली. तो प्लेयर दोन वर्षांपूर्वी रिटायर झालाय. बाबा मेड इट अप."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, फार वाईट ट्रेड आहे बाबा, आपल्याला काय मिळालं त्यात? अर्धा तास भांडलो आम्ही. इट वॉज अवर लाँगेस्ट कॉल."

फोन ठेवला आणि मी रजेची फाइल उघडली. जुलैची पहिली जागा, सुधाकर मेश्राम. त्याच्यापुढे बाण, बाणापुढे सलीम, खाली भाऊंची वळणदार सही. तारीख त्याच दिवशीची, सकाळची. म्हणजे मुलीनं ऑपरेशन सांगितल्यानंतर या माणसानं आपली रजा देऊन टाकली होती. दुसरी जागा माझी होती. समोर भाऊ बोर्डावर कुणाचा तरी मॅग्नेट रेस्टमध्ये सरकवत होते. उठून तो बोर्ड भिंतीवरून काढावा आणि त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्यांनी खांबेट्यांचा विषय काढला. मी म्हटलं, खांबेटे राहू द्या. सलीमला रजा का दिलीत?

"त्याच्या बहिणीचं लग्न आहे न."

"आणि तुमच्या मुलीचं ऑपरेशन आहे."

 भाऊंनी हिद्दचा पूल ओलांडला. पूल संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, एसी चालू ठेवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

"प्रज्ञा इथं शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होती, ताई," ते म्हणाले. "मला तर त्या खेळाचे नियमबी येत नव्हते. मला कबड्डी समजते. फक्त एवढं माहीत होतं की माझी पोरगी पळाली की लोक टाळ्या वाजवतात. आपल्या पोरीसाठी एवढे लोक टाळ्या वाजवून राहिले, हे मी कधी पाहिलं नव्हतं."

बारावीच्या वर्षी शाळांची फायनल होती. मध्यंतरापर्यंत प्रज्ञाचा गुडघा सुजला. कोचबाईंनी तिला खाली बसवलं, बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि भाऊंना सांगितलं, वीस मिनिटं ठेवा, आज ती आता खेळणार नाही. आणि त्या टीमकडे गेल्या.

"शेवटची आठ मिनिटं राहिली होती. दोनच पॉइंटांनी मागे होतो. मी तिच्या गुडघ्यावरची पिशवी उचलली, ताई. मी. माझ्या हातानं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोललो, जा बेटा, आराम नंतर करू. आणि कोचबाईले जाऊन सांगितलं, ती बरी आहे, बाप म्हणून मी जबाबदार." ते थांबले. "तिसऱ्या मिनिटाले पडली. तो आवाज मला वर गॅलरीत बसल्या जागी आला."

मी मूर्खासारखं विचारलं, मॅच जिंकलात का?

"जिंकले," भाऊ म्हणाले. "तिच्याशिवाय जिंकले."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की मी वकिलासारखी बोलायला लागते. मी विचारलं, ती तुम्हाला दोष देते का?

"कधीच नाही. तेच तर आहे न. आठ वर्षांत त्या गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटते, एकदा भांडून तर घे. फेब्रुवारीत जातो तर ती कामात असते, समोरासमोर बसावं लागत नाही. आता ती पाय बांधून पलंगावर पडून राहणार आणि मी तिच्यासमोर खुर्चीवर बसणार. काय बोलू मी? कोणत्या तोंडानं बसू?"

"भांडली की ती," मी म्हटलं. "मागच्या ऑगस्टमध्ये. अर्धा तास."

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा थेट तोंडाकडे.

"तो खेळाडू दोन वर्षांपूर्वीच रिटायर झाला होता, भाऊ. तिला माहीत होतं."

"तिला माहीत होतं?"

"होतं. तरी भांडली. फोन लवकर संपू नये म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गोदामं आणि कंटेनर. मग ते म्हणाले, "पण सलीमची रजा आता परत नाही घेऊ शकत. बहिणीचं लग्न आहे."

"नका घेऊ. दुसरी जागा माझी आहे. ती तुम्हाला देते."

"आणि तुमच्या नणंदेची वास्तुशांत?"

"मी नाही गेले तर ती वास्तू जास्त शांत राहील."

भाऊ हसले नाहीत. बोर्डासमोर उभे राहतात तसे विचारात पडले. "एकतर्फी ट्रेड होत नाही, ताई. तुम्हाला काही भेटलं पाहिजे."

या माणसाशी कसं बोलायचं ते मला एव्हाना ठाऊक होतं. मी म्हटलं, "सलीमकडून घेतलेला फेब्रुवारी मला. जिदहफ्सचा तो न आलेला फिटर मला. आणि तुम्ही येईपर्यंत आइसबॉक्स माझ्या ताब्यात."

"फिटर द्यायचा म्हणजे जास्त होते," भाऊ म्हणाले.

"फिटर राहू द्या. आइसबॉक्स आणि फेब्रुवारी."

त्यांनी हात पुढे केला. मी मिळवला. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि ऑफिस येईपर्यंत खांबेट्यांचं नावही काढलं नाही.

बू यूसुफनी रजेचा कागद दोनदा वाचला. "मेश्राम? जुलै?" मग सही केली आणि म्हणाले, "खलास. यल्ला, जा." म्हणजे विषय संपला, चल निघ. सासूबाईंना मी संध्याकाळी फोन केला. त्या प्रकरणात इथे शिरत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाऊ बोर्डावर चौदा दिवसांचं सगळं लावत होते. सलीमही त्याच विमानानं मुंबईपर्यंत जाणार होता. तो मागे उभा राहून बघत होता. त्याच्या लक्षात आलं की बोर्डावर सगळ्यांच्या नावाचा मॅग्नेट आहे, भाऊंच्या नावाचा नाही. कधी लागलाच नव्हता. सलीमनं एका जुन्या मॅग्नेटवर पांढरी पट्टी चिकटवली, त्यावर मेश्राम लिहिलं आणि तो रेस्टच्या रकान्यात नेऊन ठेवला. भाऊंनी तो नीट सरळ केला. 

ते गेले. मी त्यांची गाडी चालवत ऑफिसला जाऊ लागले, मागे आइसबॉक्स सीटबेल्ट लावून. ऑपरेशन नीट झाल्याचा मेसेज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढे दोन दिवस काही नाही. शुक्रवार आला. मी नवऱ्याला वाढलं, आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं तर अडीच. तेवढ्यात फोन वाजला. भाऊ.

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"बरी आहे. डॉक्टर बोलले, दर दोन तासांनी बर्फ." ते अगदी हळू बोलत होते. "ताई, तिनं सकाळी विचारलं, बाबा, एनी ट्रेड्स? मी बोललो, माहीत नाही बेटा, आठवडाभर पाहिलंच नाही."

"मग?"

"मग काही नाही. बराच वेळ कोणीच नाही बोललं. मग मी बोललो, त्या दिवशी मी पिशवी उचलायला नको होती." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "ती बोलली, हो बाबा, नको होती उचलायला. मराठीत बोलली. आणि रडली. मीबी रडलो. आता झोपली आहे."

 माझे डोळे भरून आले होते आणि नवरा आमटी मागत होता.

"आता कुठे आहात तुम्ही?" मी विचारलं.

"इथंच. तिचा पाय माझ्या मांडीवर आहे. पिशवी धरून बसलो." मग ते थांबले. घड्याळ बघत असावेत. "ठेवतो, ताई. अजून सहा मिनिटं बाकी आहेत."